कुलीनतेची कसोटी : श्रीमती दुर्गाबाई खोटे

मुलगी वयांत आली, चार बुकें अधिक शिकली आणि एके दिवशीं “मी नाटकांत काम करणार,” असें म्हणाली, म्हणजे घरांत काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आजीच्या हातांतील जपमाळ थांबते, आई पदरास हात पुशीत स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभी राहते, आणि वर्तमानपत्र वाचीत बसलेले वडील पान उलटावयाचें विसरतात. आतां घरें लहान झालीं, जपमाळहि क्वचितच दिसते. पण ती क्षणभराची स्तब्धता पुष्कळ घरांतून अद्यापि टिकून आहे. मग वडीलधाऱ्यांपैकीं कोणीतरी समजुतीच्या स्वरांत म्हणतें, “त्यांत काय एवढें? दुर्गाबाई खोटेसुद्धां चांगल्या घरच्याच होत्या!” आणि विषय बहुधा तेथेंच मिटतो.

हें वाक्य आम्हीं अनेक घरांतून ऐकलें आहे आणि प्रसंगीं स्वतःहि उच्चारलें आहे. त्यांत बाईंचा गौरव आहे, हें खरें. पण थोडा विचार केला तर त्यांत त्यांच्यावर कांहींसा अन्यायहि आहे, आणि त्यांच्याआधीं याच वाटेनें गेलेल्या स्त्रियांवर तर मोठाच अन्याय आहे. एका स्त्रीनें पन्नास वर्षें जें काम केलें, त्याचें सारें श्रेय तिच्या घराण्याच्या नांवावर जमा करणें योग्य होईल काय? ‘कुलीन’ हा शब्द आपण ज्या सहजतेनें वापरतों, त्याची कसोटी कोणती? दुर्गाबाईंचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे, आणि म्हणून तें आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या कथेचा आरंभ दुर्गाबाईंपासून होत नाहीं. तो होतो एका तारामतीपासून, आणि ती तारामती स्त्री नव्हती. इ.स. १९१३ च्या मे महिन्यांत मुंबईंत गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामतीच्या भूमिकेसाठीं एखादी स्त्री मिळावी म्हणून दादासाहेबांनीं नाना खटपटी केल्या होत्या. जाहिराती दिल्या, गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांच्या वस्तींतहि ते जाऊन आले. परंतु ज्यांना समाजानें आधींच प्रतिष्ठेच्या उंबरठ्याबाहेर ठेविलें होतें, त्यांनाहि कॅमेऱ्यापुढें उभें राहणें कमीपणाचें वाटलें. शेवटीं एका उपाहारगृहांत आचाऱ्याचें काम करणारे अण्णा साळुंके हे हरिश्चंद्राची राणी झाले. पुढें १९१७ च्या ‘लंकादहन’ चित्रपटांत तर याच साळुंके यांनीं राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

यांत त्या काळीं कोणास वावगें वाटलें नाहीं. मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषांनींच करावयाची रीत होती, आणि बालगंधर्वांनीं ती इतक्या उंचीवर नेली होती कीं घरंदाज स्त्रियाहि त्यांची नेसण, त्यांचे दागिने, त्यांचें चालणें-बोलणें न्याहाळून घरीं त्यांचें अनुकरण करीत. स्त्रीच्या वेषांतील पुरुषास प्रेक्षागृहांत बसून पाहणें शिष्टसंमत होतें. स्त्रीनें स्वतः रंगमंचावर उभें राहणें मात्र शिष्टसंमत नव्हतें. नाटकमंडळ्या गांवोगांव फिरत, प्रयोग रात्रीं उशीरांपर्यंत चालत, मंडळींचें बिऱ्हाड एकत्र असे. अशा ठिकाणीं आपल्या लेकीसुनांनीं राहावें, ही गोष्ट कोणाच्या कल्पनेंतहि येत नसे.

तरीहि कोणी गेल्याच नाहींत, असें नाहीं. दादासाहेबांच्या दुसऱ्याच चित्रपटांत, म्हणजे ‘मोहिनी भस्मासुर’ यांत, पार्वतीचें काम दुर्गाबाई कामत यांनीं केलें, आणि मोहिनीचें काम त्यांच्या मुलीनें, कमलाबाईंनीं केलें. भारतीय चित्रपटांत स्त्रीभूमिका करणाऱ्या या पहिल्या स्त्रिया. दुर्गाबाई कामत पतीपासून वेगळ्या झाल्या होत्या, आणि पदरीं असलेल्या मुलीला घेऊन त्यांनीं पोटासाठीं नाटकाची वाट धरली होती. आप्तेष्टांचें दार त्यांना बंद झालें. कन्या कमलाबाई पुढें रघुनाथराव गोखले यांच्याशीं विवाहबद्ध झाल्या. अल्पवयांत त्यांना वैधव्य आलें, पण रंगभूमीवर काम करूनच त्यांनीं तीन मुलगे वाढविले. त्यांपैकीं चंद्रकांत गोखले हे नट म्हणून, आणि लालजी व सूर्यकांत हे तबलावादक म्हणून महाराष्ट्रास परिचित झाले. नट विक्रम गोखले हे चंद्रकांतांचे चिरंजीव. एवढें सारें झालें, तरी या मायलेकींचीं नांवें आपल्या घरांतून किती वेळां निघालीं? ‘चांगल्या घरची’ म्हणून आपण ज्यांचा दाखला देतों त्या दुर्गाबाई निराळ्या. या पहिल्या दुर्गाबाईंचा दाखला कोणी देत नाहीं. दोघींचें नांव एक, कारण एक, काम एक. मग फरक पडला कोठें, हें पाहण्यासाठीं आतां दुसऱ्या दुर्गाबाईंकडे वळूं.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजीं मुंबईंत झाला. वडील पांडुरंग शामराव लाड आणि आई मंजुळाबाई. लाडांचें घराणें मूळचें गोव्याकडील; घरांत कोंकणी बोलत. कांदेवाडींतील त्यांच्या घरीं मोठें एकत्र कुटुंब नांदत होतें. मुलीला इंग्रजी शिक्षण देण्यांत लाडांनीं हयगय केली नाहीं. प्रथम कॅथीड्रल शाळा आणि मग सेंट झेवियर कॉलेज, असें त्यांचें शिक्षण झालें. त्या काळच्या मानानें ही मोठीच गोष्ट होय. कॉलेजांत असतांनाच श्रीमंत अशा खोटे घराण्यांतील विश्वनाथराव यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि बकुळ व हरीन असे दोन मुलगे झाले. येथपर्यंतची कथा त्या वेळच्या कोणाहि सुखवस्तु घरांतील सुनेची होऊं शकली असती.

पण लक्ष्मी चंचल असते, असें आपण पोथींत वाचतों; खोटे घराण्यानें तें अनुभविलें. संपत्ति गेली, आणि दोन लहान मुलांची आई असलेल्या दुर्गाबाईंना स्वतः मिळविणें भाग पडलें. शिकलेल्या स्त्रीस तेव्हां वाटा तरी किती होत्या? शिक्षिकेची, फार तर डॉक्टरीणबाईची किंवा परिचारिकेची. अशांत १९३१ सालीं मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ या चित्रपटांत एक छोटीशी भूमिका त्यांच्याकडे आली आणि त्यांनीं ती केली. चित्रपट सामान्य निघाला. चित्रपटाच्या बऱ्यावाईटाशीं त्यांचा संबंध कांहीं मिनिटांपुरताच. पण बोल लागला तो मात्र सगळा त्यांना. लाडांची मुलगी, खोट्यांची सून सिनेमांत गेली, एवढ्यावर चर्चा सुरू झाली. काम कसें केलें, हें विचारण्याची कोणास गरज वाटली नाहीं. दुर्गाबाईंनीं त्याच वेळीं माघार घेतली असती तर त्यांना कोणी दोष दिला नसता, आणि कदाचित् शिक्षित घरांतील स्त्रियांसाठीं ती वाट आणखी दहा वर्षें बंद राहिली असती.

परंतु त्याच छोट्या भूमिकेवर व्ही. शांताराम यांची नजर गेली. कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी त्या वेळीं आपला पहिला बोलपट काढण्याच्या तयारींत होती. ‘आलम आरा’ १९३१ सालीं आला होता आणि चित्रपट बोलूं लागला होता. या घटनेचा परिणाम वरवर दिसतो त्याहून फार खोल झाला. मूकपटांत साळुंके यांनीं लुगडें नेसून काम निभावलें. पण कॅमेरा जवळ आला आणि सोबत आवाजहि टिपला जाऊं लागला, तेव्हां पुरुषास स्त्री होणें कठीण झालें. शिवाय नुसती सुंदर मुद्रा पुरेना. शुद्ध उच्चार हवे, संवादाचा अर्थ कळून बोलणारी जीभ हवी, दोन भाषांत पाठांतर हवें. शिक्षित स्त्रीला बोलपटानें जें दार उघडलें, तें समाजाच्या औदार्यानें उघडलें नाहीं. ध्वनिग्राहक यंत्राच्या गरजेनें उघडलें, असेंच आम्हांला वाटतें.

प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ फेब्रुवारी १९३२ मध्यें पडद्यावर आला. हा पहिला मराठी बोलपट. विषय तोच, दादासाहेबांचा, राजा हरिश्चंद्राचा. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, आणि संगीतहि त्यांचेंच. तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. साळुंके यांच्या तारामतीस तेव्हां अवघीं एकोणीस वर्षें झालीं होतीं.

हें काम किती कष्टाचें होतें, याची कल्पना आजच्या प्रेक्षकांस यावयाची नाहीं. पार्श्वगायनाची सोय तेव्हां नव्हती. ज्यानें अभिनय करावयाचा त्यानेंच त्याच क्षणीं गावयाचें. साथीदार कॅमेऱ्याच्या दृष्टीआड बसून वाजवीत. कोठें एखादा सूर चुकला किंवा शब्द अडला तर सारा प्रसंग पुन्हां पहिल्यापासून. त्यांतच हा बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला होता. म्हणजे एका भाषेंतला प्रसंग संपला कीं तोच प्रसंग, तेच अश्रु आणि तेंच गाणें दुसऱ्या भाषेंत. मुंबईच्या घरापासून दूर, कोल्हापुरास राहून, शास्त्रोक्त गायकीचा व्यवसाय नसलेल्या एका सुशिक्षित गृहिणीनें हें सर्व निभावलें. राणीचें ऐश्वर्य, मग दास्य, मग पुत्रशोक, असा त्या भूमिकेचा उतार आहे. स्वतःच्या संसारांत ऐश्वर्याचा उतार नुकताच पाहिलेल्या स्त्रीला तारामती समजावून देण्याची फारशी गरज पडली नसावी, असें मनांत आल्याशिवाय राहात नाहीं.

चित्रपट गाजला, आणि टीकेचा सूर एकाएकीं पालटला. काल ज्यांनीं नांवें ठेविलीं, तेच आज ‘आपल्यांतल्या’ दुर्गाबाई म्हणून अभिमान सांगूं लागले. दोन दुर्गाबाईंमध्यें फरक पडला तो येथें. दुर्गाबाई कामत यांच्या मागें कोणी उभें नव्हतें. दुर्गाबाई खोटे यांच्या मागें घराण्याचें नांव होतें, इंग्रजी शिक्षण होतें, आणि प्रभातसारखी नीटनेटकी संस्था होती. म्हणजे ज्याला आपण कुलीनता म्हणतों, तें पुष्कळ वेळां डोक्यावरील छत्र असतें. छत्र असणें हा दोष नव्हे. पण तो गुणहि नव्हे. छत्र असलेल्या माणसानें पुढें काय केलें, यावर त्याची किंमत ठरते. दुर्गाबाईंनीं काय केलें, तें आतां पाहूं.

पहिल्या यशानंतर पतिव्रता राण्यांच्या भूमिकांत सुखानें राहणें त्यांना सहज शक्य होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. त्याच वर्षीं ‘माया मच्छिंद्र’ चित्रपटांत त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या. चित्ता पाळणारी, पुरुषांवर हुकमत चालविणारी अशी ती राणी. नंतर त्या थेट कलकत्त्यास गेल्या. न्यू थिएटर्सच्या ‘राजरानी मीरा’ या १९३३ सालच्या चित्रपटांत देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखालीं त्यांनीं मीरेचें काम केलें. देवकीबाबूंचाच ‘सीता’ हा ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा चित्रपट १९३४ सालचा. व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवांत तो दाखविला गेला आणि त्यास मानाचें प्रशस्तिपत्र मिळालें. त्या काळीं नटनटी एका कंपनींत मासिक पगारावर बांधलेल्या असत. दुर्गाबाईंनीं ती चाकोरी मोडली. जेथें भूमिका पटेल तेथें करार करून काम करावयाचें, आणि तें संपलें कीं मोकळें व्हावयाचें, अशी पद्धति त्यांनीं ठेविली. संसाराची जबाबदारी असलेल्या स्त्रीनें ठराविक पगाराची शाश्वति सोडून असें करणें, यास धैर्य लागतें. आणि स्वतःच्या कामाची खरी किंमत ठाऊक असावी लागते.

१९३६ सालीं शांतारामबापूंच्या ‘अमरज्योति’ चित्रपटांत त्यांनीं सौदामिनीचें काम केलें. ही भूमिका आमच्या मतें त्यांच्या तरुणपणींच्या सर्व भूमिकांत विशेष आहे. सौदामिनीला राज्याचा कायदा तिच्या स्वतःच्या मुलाचा ताबा नाकारतो, आणि ती समुद्रावरची चांचीण होऊन राज्याशींच युद्ध पुकारते. ‘आईला मुलावर अधिकार नाहीं’ हा प्रश्न त्या काळीं कोर्टकचेऱ्यांतून आणि घराघरांतूनहि उभा होता. तो एका साहसकथेच्या वेषांत प्रेक्षकांपुढें आला, आणि तारामतीस हात जोडणारा प्रेक्षक त्याच स्त्रीच्या हातांत तलवार पाहूं लागला. पुढल्याच वर्षीं, १९३७ सालीं, त्यांनीं ‘साथी’ नांवाचा चित्रपट स्वतः निर्माण केला आणि त्याचें दिग्दर्शनहि केलें. नटीनें कॅमेऱ्याच्या मागें जाऊन उभें राहावें, हें तेव्हां सबंध देशांत विरळा घडत होतें.

इकडे रंगभूमीवरहि हवा पालटत होती. हिराबाई बडोदेकर यांनीं स्वतःची नाटकमंडळी काढली होती. १९३३ सालीं ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक केलें, आणि त्यांत स्त्रीभूमिका स्त्रियांनींच केल्या. ज्योत्स्नाबाई भोळे यांचें नांव त्या नाटकापासून घरोघरीं झालें. लीला चिटणीस यांच्यासारख्या सुशिक्षित अभिनेत्री याच सुमारास पुढें आल्या. पुढें वनमालाबाई आल्या, त्या तर शिक्षणशास्त्राच्या पदवीधर. मात्र एक गोष्ट नजरेआड होऊं नये. कलावंतीण म्हणून ज्यांना हिणविलें जाई, त्या घरांतील स्त्रियांनीं आवाज, ताल आणि रियाज यांचा जो वसा जपला होता, त्यावांचून स्त्रियांची संगीत रंगभूमि उभीच राहिली नसती. शिक्षित घरांतील मुली आल्या त्या तयार झालेल्या वाटेवर. वाटेवरचे कांटे आधींच कोणाच्या तरी पायांत मोडले होते.

दुर्गाबाईंच्या कारकीर्दीचा दुसरा टप्पा, म्हणजे वयानुरूप भूमिका स्वीकारण्याचा, हा पहिल्याहूनहि शिकण्याजोगा आहे. नटीला वय लपवावेंसें वाटतें, असें म्हणतात. दुर्गाबाई पस्तिशीच्या पुढें होत्या तेव्हां, १९४१ सालीं, आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ या चित्रपटांत त्या सुनेला छळणारी सासू झाल्या. सून होत्या वनमालाबाई. तारामती आणि मीरा म्हणून ज्यांना लोकांनीं हात जोडले, त्यांनीं लोकांचे शिव्याशाप मिळवून देणारी भूमिका आपण होऊन घ्यावी, यांत त्यांच्या मनाचा कस दिसतो. दुसऱ्याच वर्षीं विजय भट्ट यांच्या ‘भरतभेट’ चित्रपटांत त्या कैकेयी झाल्या. या दोन्ही चित्रपटांतील कामांबद्दल बंगालच्या चित्रपट-पत्रकार संघानें त्यांना लागोपाठ दोन वर्षें उत्कृष्ट अभिनेत्रीचें पारितोषिक दिलें. सासू आणि सावत्र आई हीं आपल्या घरांतून सर्वांत सोप्या रीतीनें रंगविलीं जाणारीं माणसें; त्यांच्यावर काळा रंग फासला कीं काम झालें. दुर्गाबाईंची कैकेयी मात्र आधीं आई आहे, आणि मग दुष्ट आहे.

चित्रपटांत एवढी कीर्ति मिळाल्यावर रंगभूमीकडे कोण वळतो? तेथें पैसा थोडा, श्रम अधिक, आणि चूक झाली तर ती पुसून टाकण्याची सोय नाहीं. तरीहि दुर्गाबाई मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून वर्षानुवर्षें उभ्या राहिल्या. बोलपटांच्या धक्क्यानें जुन्या नाटकमंडळ्या एकामागून एक बंद पडत असतांना गिरगांवांतील या संस्थेनें रंगभूमि जागती ठेविली, हें त्या पिढीचे लोक कृतज्ञतेनें सांगत असत. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकांतील आनंदीबाई त्यांनीं साकारली. वि. वा. शिरवाडकर यांनीं शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ हें नाटक लिहिलें. १९५४ सालीं तें रंगभूमीवर आलें, तेव्हां नानासाहेब फाटक यांच्यासारख्या भारदस्त नटासमोर राणीच्या भूमिकेंत दुर्गाबाई होत्या. ज्या रंगभूमीवर त्यांच्या बाळपणीं स्त्रीला पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती, त्याच रंगभूमीवरील कामाबद्दल १९५८ सालीं संगीत नाटक अकादमीनें त्यांना पारितोषिक दिलें. तारामती, सौदामिनी, कैकेयी, आनंदीबाई आणि मॅकबेथची राणी, ही मालिका पाहिली म्हणजे एक गोष्ट लक्षांत येते. ‘चांगल्या घरची’ स्त्री चांगल्याच बायकांचीं कामें करील, ही समजूत त्यांनीं कधींच जवळ केली नाहीं.

पुढच्या पिढीनें त्यांना पाहिलें तें आई आणि आजी म्हणून. १९६० सालच्या ‘मुगल-ए-आझम’ चित्रपटांत पृथ्वीराज कपूर अकबर होते, आणि पति व पुत्र यांच्यामध्यें सांपडलेली जोधाबाई दुर्गाबाईंनीं केली. हेच पृथ्वीराज सत्तावीस वर्षांपूर्वीं ‘राजरानी मीरा’ चित्रपटांत त्यांच्याबरोबर होते. १९७३ सालीं पृथ्वीराजांचे चिरंजीव राज कपूर यांनीं ‘बॉबी’ काढला, त्यांत नातू ऋषि कपूर नायक झाला, आणि नायिकेची ख्रिस्ती आजी झाल्या दुर्गाबाई. एका घराण्याच्या तीन पिढ्या त्यांच्यासमोर काम करून गेल्या. १९७४ सालच्या ‘बिदाई’ चित्रपटांतील आईच्या भूमिकेस फिल्मफेअरचें साहाय्यक अभिनेत्रीचें पारितोषिक मिळालें; तेव्हां त्यांचें वय सत्तरीला टेकलें होतें.

याखेरीज त्यांनीं लघुपट, अनुबोधपट आणि जाहिरातपट काढणारी स्वतःची संस्था चालविली. सामान्य प्रेक्षकांस ही बाजू फारशी ठाऊक नसते. १९८८ सालीं दूरदर्शनवर ‘वागले की दुनिया’ ही मालिका सुरू झाली, आणि ती पाहण्यासाठीं आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं घरें एकत्र बसलीं असतील. आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रांवरून कुंदन शहा यांनीं दिग्दर्शित केलेली ती मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची होती. मध्यम परिस्थितींतील कारकुनाचा संसार, त्याची काटकसर, त्याची भिडस्त वृत्ति, हें सारें पाहून आपण हंसलों. त्या संस्थेला नांव देणाऱ्या बाईंनीं संसाराच्या ओढाताणीची झळ स्वतः सोसली होती, हें तेव्हां किती जणांच्या ध्यानांत होतें?

दुःखानेंहि त्यांची पाठ सोडली नाहीं. धाकटे चिरंजीव हरीन तरुण वयांतच निवर्तले. त्यांच्या पत्नी विजयाबाई, ज्यांना महाराष्ट्र पुढें विजया मेहता या नांवानें ओळखूं लागला, यांनीं १९६० च्या दशकांत ‘रंगायन’ संस्थेच्या द्वारें मराठी नाटकास नवें वळण लावलें. खोटे घराण्यांतून रंगभूमीला केवळ दुर्गाबाईच मिळाल्या, असें नव्हे. त्यांचे दीर नंदू खोटे हेहि नट. आणि नंदूंचीं मुलें शुभा खोटे व विजू खोटे यांना न ओळखणारें मराठी घर सांपडणें कठीण. ज्या घराण्याचें नांव सिनेमांत गेल्यानें बुडेल, अशी १९३१ सालीं लोकांना धास्ती होती, तें नांव सिनेमानाटकांमुळेंच आज लोकांच्या तोंडीं आहे.

उतारवयांत दुर्गाबाईंनीं ‘मी, दुर्गा खोटे’ हें आत्मचरित्र लिहिलें; शांता गोखले यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें आहे. १९६८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. २२ सप्टेंबर १९९१ रोजीं त्यांचें निधन झालें. पण त्यापूर्वीं, १९८३ सालचा एक सन्मान आमच्या मनांत सर्वांत अधिक घर करून राहिला आहे. त्या वर्षाचा दादासाहेब फाळके पुरस्कार दुर्गाबाईंना जाहीर झाला. हा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या मराठी स्त्री. ज्या दादासाहेबांना १९१३ सालीं तारामतीसाठीं सगळ्या मुंबईंत एक स्त्री मिळाली नाहीं, त्यांच्या नांवाचा पुरस्कार सत्तर वर्षांनीं बोलपटांतील तारामतीच्या हातीं आला. त्या क्षणीं दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई यांचेंहि स्मरण कोणी केलें असतें, तर तो सन्मान अधिक पूर्ण झाला असता.

आतां आरंभीच्या त्या वाक्याकडे पुन्हां येऊं. दुर्गाबाई चांगल्या घरच्या होत्या, यांत शंका नाहीं. त्या घरानें त्यांना शिक्षण दिलें, भाषा दिली, अडचणीच्या काळांत उभें राहण्याचा धीर दिला. परंतु घरानें त्यांना तारामतीचें पाठांतर करून दिलें नाहीं. सासूची अप्रिय भूमिका स्वीकारण्याचें धैर्य दिलें नाहीं. साठीसत्तरींतहि वेळेवर कामावर हजर होण्याची शिस्त दिली नाहीं. तें त्यांनीं स्वतः मिळविलें, आणि पन्नास वर्षें राखलें. समाजाकडून त्यांना जी प्रतिष्ठा प्रथम उसनी मिळाली होती, ती त्यांनीं कामानें फेडली आणि वर व्याजहि दिलें. त्यानंतर या व्यवसायांत आलेल्या मुलीला, मग ती कोणत्याहि घरची असो, मान थोडी अधिक ताठ ठेवतां आली, तें या व्याजामुळें.

म्हणून आमची वाचक कुटुंबांस एक विनंति आहे. उद्यां आपल्या घरांतील एखादी मुलगी तसा प्रश्न घेऊन उभी राहिली, तर घराण्याचा दाखला आधीं काढूं नका. होकारासाठींहि नको आणि नकारासाठींहि नको. तिला विचारा : पाठांतर किती आहे? आवाजाची मेहनत रोज करतेस का? ज्यांच्याबरोबर काम करावयाचें, त्यांची वागणूक कशी? करार वाचलास का? अप्रिय भूमिका आली तर करशील का? या प्रश्नांचीं उत्तरें ती नीट देऊं शकली, तर तिला जाऊं द्या, आणि पहिल्या प्रयोगास सर्वांनीं मिळून जाऊन पुढच्या रांगेंत बसा. आणि उत्तरें देतां आलीं नाहींत, तर तीं देतां येईपर्यंत घरांतच तिची तयारी करून घ्या. आजींना संवाद ऐकावयास बसवा, म्हणजे उच्चारहि सुधारतील आणि आजींची भीतिहि जाईल.